सोनं चोख आहे, पण आलं कुठून? हातखाणीच्या सोन्याची जबाबदार खरेदी करू पाहणाऱ्या मुंबईकरांसाठी

झवेरी बाजारात लग्नाचं सोनं घ्यायला आलेली माणसं साधारण तीन गोष्टी विचारतात: आजचा भाव काय, घडणावळ किती आणि उद्या मोडायला आणलं तर घट किती धरणार. हे सोनं जमिनीतून कोणी काढलं, असं शेख मेमन स्ट्रीटवर फारसं कोणी विचारत नाही. विचारलंत तर सराफ बहुतेक वेळा हसेल आणि चहा मागवेल. तरीही हा प्रश्न नीट विचारता येतो. उत्तर अर्धवट मिळालं तरी आपले पैसे कुठे जावेत, हे थोडंफार आपल्या हातात राहतं. ते कसं साधायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतोय. यातला बराचसा भाग घरासाठी सोनं घेणाऱ्यांसाठी आहे. एक पायरी मात्र खास छोट्या पेढीवाल्यांसाठी आणि दागिन्यांच्या डिझायनरांसाठी आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. ‘खाणीतल्या गरीब माणसांचं शोषण होतं, म्हणून ते सोनंच नको’ हा विचार मला पटत नाही. हातखाणीत, म्हणजे कुदळ, घण आणि पाट्याने, सोनं काढणाऱ्यांची संख्या जगात एक ते दोन कोटी असावी असा अंदाज आहे. त्यांत ४० ते ५० लाख बायका आणि मुलं आहेत. चांगल्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली म्हणून यांची खाण बंद पडत नाही. ती फक्त आणखी वाईट गिऱ्हाइकाच्या हाती जाते.

पायरी १: सोन्याची वाट ओळखा

आपल्या देशात खाणीतून निघणारं सोनं नगण्य आहे. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. उरली ती मुख्यतः रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण. बाकी जवळपास सगळं नवं सोनं बाहेरून येतं, काही शुद्ध लगडींच्या रूपात तर काही ‘डोरे’ म्हणजे अर्धशुद्ध सोन्याच्या रूपात. पेरू, घाना, बोलिव्हिया, टांझानिया अशा देशांतून आलेलं डोरे आपल्या रिफायनऱ्यांमध्ये शुद्ध केलं जातं. या देशांमध्ये मोठ्या कंपन्यांच्या खाणी आहेत, तशा हातखाणीही आहेत. जगात नव्याने निघणाऱ्या सोन्यापैकी अंदाजे पंधरा ते वीस टक्के सोनं हातखाणीतून येतं.

हातखाणीतला माणूस दगड फोडतो, दळतो आणि पाण्याने धुतो. मग त्या चिखलात पारा घालतो. पारा सोन्याला धरून ठेवतो आणि त्याचा मऊ, पांढरट गोळा होतो. तो गोळा तव्यावर किंवा उघड्या आगीत तापवला की पारा उडून जातो आणि भोकाभोकांचं पिवळं सोनं उरतं. पारा ३५७ अंशांना उकळतो, त्यामुळे साधी चूलसुद्धा या कामाला पुरते. बऱ्याच ठिकाणी हे काम खरोखर घरातल्या चुलीवरच होतं आणि शेजारी मुलं बसलेली असतात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यातला सुमारे ३८ टक्के वाटा याच कामाचा आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८च्या अहवालात म्हटलं आहे. धोका एकट्या पाऱ्याचाही नाही. नायजेरियाच्या झामफारा राज्यात २०१० मध्ये शिसं मिसळलेला दगड घरोघरी दळला गेला आणि शिशाच्या विषबाधेने किमान चारशे मुलं दगावली.

मग लोक पारा का सोडत नाहीत? तो स्वस्त आहे, एकट्याला वापरता येतो आणि संध्याकाळपर्यंत हातात विकण्याजोगं सोनं येतं. त्याहून मोठं कारण उधारीचं आहे. पंप, डिझेल, धान्य आणि पारासुद्धा गावातला सोनेव्यापारी उधार देतो आणि सोनं त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने, विकावं लागतं. कांदा किंवा कापूस आडत्याकडे नेणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पुढे ते सोनं तालुक्याच्या गावी, तिथून राजधानीत आणि तिथून बाहेर जातं. आफ्रिकेतलं बरंच सोनं कागदपत्रांशिवाय दुबईला पोचतं, हे अनेक तपासांतून पुढे आलं आहे. रिफायनरीत एकदा वितळलं की सगळं सोनं सारखंच दिसतं. म्हणून विचारपूस रिफायनरीच्या आधीच्या टप्प्यांबद्दल करायची असते.

पायरी २: घरातलं सोनं आधी बाहेर काढा

आईच्या पाटल्या, तुटलेली ठुशी, एका कानातलं हरवलेलं डूल, बारशाला आलेली वेढणी. मुंबईतल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या लॉकरमध्ये असं काही ना काही असतंच. नवीन खाणकाम नको असेल तर सुरुवात इथून करा.

पण एक फरक लक्षात ठेवा. जुनं मोडीत देऊन नवीन उचललं की तुमचं सोनं दुकानाच्या मुशीत जातं आणि तुम्हाला भलतंच सोनं मिळतं. तेच सोनं आटवून त्याचाच दागिना घडवून घेतलात, तरच ‘हे आमच्या आजीचं’ असं खरेपणाने म्हणता येतं. करातही फरक पडतो. मोडीच्या व्यवहारात नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी लागतो, तर स्वतःचं सोनं घडवायला दिलं की कर मजुरीवर लागतो.

आटणी डोळ्यांदेखत करून घ्या. आधी खडे, मणी आणि लाख काढून वजन करा, मग कॅरेटमीटरवर कस बघा. आटवल्यावर पुन्हा वजन आणि पुन्हा कस. जुन्या दागिन्यांच्या डाखातली, म्हणजे सांधे जोडायच्या धातूतली, भेसळ जळते, त्यामुळे थोडी घट येणारच. ती किती आली ते चिठ्ठीवर लिहून घ्या. दागिना ‘केडीएम’च्या काळातला असेल तर गलाईवाल्याला, म्हणजे सोनं आटवून देणाऱ्याला, तसं आधीच सांगा. त्या डाखात कॅडमियम असतं आणि त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते. सांगलीकडच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभर या धंद्यात आहेत. त्यांच्यातली जाणती माणसं दागिना बघूनच ओळखतात, पण पंखा लावायला आणि तोंडाला मास्क बांधायला कोणीतरी सांगावं लागतं.

कसाची शंका असेल तर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात दागिने तपासून मिळतात. चार नगांपर्यंत २०० रुपये आणि पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५ रुपये, असा दर ठरलेला आहे. नव्या दागिन्यावर हॉलमार्क मात्र नोंदणीकृत सराफामार्फतच होतो.

घरातलं सोनं आटवलं म्हणून खाणीतल्या कोणाला चार पैसे जास्त मिळाले, असं होत नाही. तुमच्यापुरती मागणी कमी झाली, एवढंच. दुकानातल्या ‘रिसायकल्ड’ चिठ्ठीवर तर जपूनच विश्वास ठेवा. काल काढलेलं सोनं आज कच्चा दागिना म्हणून ओतलं आणि उद्या आटवलं की तेही कागदोपत्री ‘जुनं’ होतं.

पायरी ३: बिलाशिवाय काहीही नाही

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात परिणामकारक काम आहे. चोरटं सोनं खपतं ते बिनबिलाच्या व्यवहारात. ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. मुंबई विमानतळावर मेणात कालवलेली सोन्याची भुकटी वारंवार पकडली जाते. त्या वाटेने आलेल्या सोन्यामागे कुठलीही तपासणी नसते, खाणीतही नाही आणि इथेही नाही. दोन लाख किंवा त्यावरची रक्कम रोखीत घ्यायला कायद्याने बंदी आहे आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. तो न मागणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाहीये.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळखक्रमांक. हा एचयूआयडी दुकानातच उभं राहून ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासा. दोन ग्रॅमच्या आतले नग आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना सक्तीतून सूट आहे.

पण हॉलमार्क फक्त किती चोख ते सांगतो, कुठलं ते नाही. दुकानदार मूळ विचारल्यावर हॉलमार्क दाखवेल. त्याचे आभार माना आणि पुढच्या पायरीवर या.

पायरी ४: सराफाला काय विचारायचं

गर्दीच्या वेळी विचारू नका. गुरुपुष्यामृत किंवा अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तर मुळीच नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारी जा. ओळखीच्या पेढीपासून सुरुवात करा आणि सूर चौकशीचा ठेवा.

‘काका, तुम्ही चोख सोनं कोणाकडून घेता? बँकेकडून, बुलियनवाल्याकडून की गलाईतून?’

हा पहिला प्रश्न. उत्तर बँक किंवा मोठा बुलियन व्यापारी असेल तर पुढचं विचारा: ‘बिस्किटावर कुठल्या रिफायनरीचा शिक्का असतो?’ दहा तोळ्यांचं बिस्कीट असो की किलोची लगड, तिच्यावर रिफायनरीचं नाव, शुद्धता आणि बहुधा नंबर असतो. ते नाव टिपून घ्या आणि घरी जाऊन लंडनच्या एलबीएमए या सोन्याचांदीच्या बाजाराच्या संघटनेच्या मान्यताप्राप्त रिफायनऱ्यांच्या यादीत शोधा. यादी सर्वांना खुली आहे. हरियाणातली एमएमटीसी-पॅम्प त्या यादीत आहे. २०१२ पासून या यादीतल्या रिफायनऱ्यांना सोन्याच्या उगमाची छाननी करून तिचं बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट करून घ्यावं लागतं.

उत्तर ‘गलाईतून’ असं आलं तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ते बहुतेक जुनंच सोनं असतं. तिथे विचारायचं एवढंच की मोड घेताना तुम्ही ओळखपत्र आणि पावती घेता का.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो: ‘असं कुठलं सोनं आहे, जे तुम्ही स्वस्तात मिळालं तरी घेत नाही?’ ज्याने कधी ना कधी नकार दिला आहे, तो लगेच किस्सा सांगतो. ज्याने दिला नाही, तो विषय बदलतो.

‘आम्हाला ते माहीत नसतं हो’ हे उत्तर प्रामाणिक आहे. त्या दुकानावर काट मारू नका. पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारा, आणि बरोबर मावशीलाही न्या. एका गिऱ्हाइकाचा प्रश्न लहर ठरतो, चौघांनी विचारला की पेढीवाला आपल्या बुलियनवाल्याला फोन लावतो.

पायरी ५: शिक्क्यांची भाषा

इथे गोंधळ फार आहे. एलबीएमएची मान्यता रिफायनरीला असते. तिने छाननी केली, असं त्यातून कळतं, खाणीतल्या माणसाला भाव मिळाला की नाही ते कळत नाही. रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल या दागिने-उद्योगाच्या संघटनेचं प्रमाणपत्र कंपनीच्या एकूण वागणुकीबद्दल असतं. सोन्याचा माग ठेवण्याचं त्यांचं प्रमाणपत्र वेगळं आहे, त्यामुळे ‘आम्ही सदस्य आहोत’ एवढ्यावर थांबू नका.

खुद्द हातखाणीच्या संघटनेची तपासणी करणारे दोन मुख्य शिक्के आहेत: फेअरट्रेड आणि फेअरमाइन्ड. फेअरमाइन्डच्या मागे २००४ मध्ये स्थापन झालेली अलायन्स फॉर रिस्पॉन्सिबल मायनिंग ही कोलंबियातली संस्था आहे. दोन्हींमध्ये खाणकामगारांची नोंदणीकृत संघटना लागते, बालमजुरीला मनाई असते, पारा हाताळण्याचे नियम असतात आणि लंडनच्या भावाच्या किमान ९५ टक्के दर ठरलेला असतो. त्यावर किलोमागे अधिमूल्य मिळतं. फेअरट्रेडचं २,००० डॉलर, फेअरमाइन्डचं ४,००० डॉलर, आणि पारा-सायनाइडविरहित ‘इकॉलॉजिकल’ फेअरमाइन्ड सोन्याला ६,००० डॉलर. हा पैसा संघटनेकडे जातो आणि शाळा, पाणी, यंत्रं यांपैकी कशावर खर्च करायचा ते सभासद ठरवतात. पेरूतल्या सांता फिलोमेना गावची सोत्रामी ही खाणकामगारांची कंपनी २०११ मध्ये, तर युगांडाच्या बुसिया भागातली एक संघटना २०१७ मध्ये फेअरट्रेड ठरली.

हिशेब करून बघा. २० ग्रॅमच्या २२ कॅरेट मंगळसूत्रात १८.३ ग्रॅम चोख सोनं असतं. फेअरमाइन्डचं अधिमूल्य त्यावर सुमारे ७३ डॉलर आणि फेअरट्रेडचं ३७ डॉलर होतं. ग्रॅमचा भाव पाच आकडी झालेला असताना घडणावळीत याहून जास्त रक्कम आपण घासाघीस न करता सोडून देतो. अडचण किमतीची कमी आणि मिळण्याची जास्त आहे. हे सोनं झवेरी बाजारात काउंटरवर मांडलेलं सापडेल, अशा अपेक्षेने जाऊ नका.

पायरी ६: छोट्या पेढीसाठी आणि डिझायनरांसाठी

अर्धा किलो फेअरमाइन्ड रवे कुरियरने मागवू, असं वाटत असेल तर थांबा. सोन्याची आयात ठरावीक बँका आणि नियुक्त संस्थांमार्फत होते. पात्र सराफांना गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या बुलियन एक्स्चेंजचाही मार्ग आहे, पण छोट्या दुकानाला तो झेपत नाही.

निर्यातीचा रस्ता मात्र व्यवहार्य आहे. युरोपातले काही ब्रँड स्वतःचं प्रमाणित सोनं देऊन दागिना घडवून घेतात. परदेशी खरेदीदाराने सोनं पुरवायचं आणि आपण घडवून परत पाठवायचं, अशी तरतूद आपल्या निर्यात धोरणात आहे आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले लोक ती ओळखून आहेत. स्वतः युनिट नसेल तर तिथल्या एखाद्या छोट्या युनिटबरोबर काम करा. अशा सोन्यासाठी मूस वेगळी, डब्या वेगळ्या आणि वजनाची वही वेगळी ठेवावी लागते. पॉलिशची धूळसुद्धा वेगळी झाडून घ्यावी लागते. कारागिराला कारण नीट समजावून सांगा, नाहीतर सवयीने तो उरलेला तुकडा दुसऱ्या मुशीत टाकून मोकळा होतो.

देशांतर्गत विकत असाल तर ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची, खनिजं जबाबदारीने घेण्याबद्दलची पाच पायऱ्यांची मार्गदर्शिका डाउनलोड करून घ्या. सोन्यासाठीची तिची पुरवणी २०१२ ची आहे. तिच्या शेवटी हातखाणीवाल्यांना बाजाराबाहेर न ढकलता कायदेशीर चौकटीत कसं आणावं, यावर जोडपत्र आहे. दोन कर्मचाऱ्यांच्या दुकानाला सगळं शक्य नाही. पण कोणाकडून सोनं घेतलं, लगडीचा नंबर काय, कुठल्या सौद्याला नकार दिला, एवढी वही ठेवायला काही खर्च येत नाही. ‘एथिकल गोल्ड’ असे शब्द मात्र कागद हातात आल्याशिवाय बोर्डावर लावू नका.

पायरी ७: आपल्या गल्लीतला पारा

पाऱ्याने सोनं वेगळं करणारी माणसं पेरूलाच भेटतात असं नाही. मुंबादेवीच्या आसपास पहाटे किंवा रात्री उशिरा घमेलं, ब्रश आणि झाडू घेऊन गटाराकाठची माती गोळा करणारे घमेलेवाले तुम्ही पाहिले असतील. कारखान्यांमधून, कारागिरांच्या कपड्यांवरून आणि पायांवरून पडलेला सोन्याचा कण त्या मातीत असतो. माती धुवायची, पाऱ्यात घोळवायची, मग तेजाबाने किंवा आचेने पारा काढायचा. गावाकडे हेच काम झारेकरी करत आले. विदर्भातले सोनझारी आणि झारखंडात सुवर्णरेखेच्या पात्रात लाकडी पाट्याने वाळू चाळणारे लोकही याच कौशल्यावर जगतात. पण ते नदीत धुतात, पाऱ्याशिवाय.

काळबादेवी-भुलेश्वरच्या खोल्यांत धूर, तेजाबाचा वास आणि माळ्यावर झोपणारे बंगाली कारागीर, हे सगळं एकाच छताखाली असतं. गलाईच्या धुराड्यांवर महापालिकेची कारवाई झाली की बातमी धुराड्याची होते, खाली बसलेल्या माणसाची होत नाही. हातखाणीतून आलेल्या कच्च्या सोन्यातसुद्धा थोडा पारा उरलेला असतो आणि तो सोनाराच्या मुशीतच उडतो.

पेढीवाले इथे खूप काही करू शकतात. घडणावळ ठरवताना कारखाना एकदा डोळ्यांनी बघा. धूर ओढणारा पंखा, तेजाबाला वेगळी जागा आणि झोपायला वेगळी खोली आहे का, हे विचारा. केराची माती ज्याला विकता, तो ती कुठे आणि कशी भाजतो, हेही विचारा. गिऱ्हाइकांनाही हे विचारता येतं: ‘हा दागिना घडतो कुठे, बघायला मिळेल का?’

पायरी ८: थेट मदत करायची असेल तर

दागिना नको, पण हातभार लावायचा आहे, असे लोकही असतात. पारा टाळणारी साधनं आहेत: हलणारी मेजं, चांगल्या पन्हाळ्या, पाऱ्याची वाफ धरून परत थंड करणारं बंद भांडं म्हणजे रिटॉर्ट. फिलिपिन्सच्या बेंगेट भागात पाऱ्याऐवजी टाकणखाराने (बोरॅक्सने) सोनं वितळवण्याची पद्धत आहे. पण फुकट रिटॉर्ट वाटण्याचे कार्यक्रम अनेक ठिकाणी फसले. भांडं वापरलं तरी व्यापारी भाव तोच देतो, उलट वेळ जास्त जातो. म्हणून यंत्रं वाटणाऱ्या संस्थेपेक्षा खाणपट्ट्याचा कायदेशीर हक्क, संघटना, सरळ खरेदीदार आणि बिनव्याजी किंवा स्वस्त भांडवल यांवर काम करणारी संस्था निवडा. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानेही हातखाणी असलेल्या देशांना त्या कायदेशीर चौकटीत आणण्याची पावलं आराखड्यात मांडायला लावली आहेत. करार २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

संस्थेचा वार्षिक अहवाल उघडून तीन गोष्टी शोधा. किती खाणसंघटनांना परवाना मिळाला, सोन्याला आधी काय भाव मिळत होता आणि आता काय मिळतो, दगड निवडणाऱ्या आणि धुणाऱ्या बायकांचा सभासदत्वात वाटा किती. फक्त हसऱ्या मुलांचे फोटो असतील तर दुसरी संस्था बघा. परदेशी संस्थेला बँकेमार्फत एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली देणगी पाठवता येते. त्यावर ८०जीची आयकर सवलत मिळत नाही आणि बँक हेतू विचारते, म्हणून संस्थेचं पत्र आणि पावती फाइलला लावून ठेवा.